बशीतल्या मेंदूपेशी, त्यांचं वय आणि अ‍ॅडेनोसिन

पेट्रीडिश (जळगाव) | शनिवार, रात्री ९.४०

मावसभावाचं बाळ एकोणतिसाव्या आठवड्यातच झालं. जळगावातच आहे, काचेच्या पेटीत. तब्येत सुधारतेय. श्वास मध्येच थांबू नये म्हणून डॉक्टरांनी कॅफिन चालू केलं आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच गदारोळ. "एवढ्याशा जिवाला कॉफी?" पासून "आता याला जन्मभर चहा लागेल" पर्यंत. शेवटी आत्याने फोन केला, "तू मेंदूच्या पेशी वाढवतेस ना? मग कॅफिन तिथे जाऊन करतं काय ते सांग."

औषधाबद्दल इथले डॉक्टर लोक बोलतीलच. माझा प्रांत बशीतल्या, म्हणजे प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींचा, म्हणून तेवढंच लिहिते. थोडक्यात उत्तर असं: कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवतं. पण त्या जागा अडवल्याने काय होईल, हे पेशीच्या वयावर ठरतं. हा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही.

पेशी काम करते तसं एटीपी, म्हणजे तिचं इंधन, खर्च होतं. पेशीबाहेर आलेल्या एटीपीचे फॉस्फेट एकेक करून काढणारी एन्झाइम्स पेशीच्या पृष्ठभागावरच बसलेली असतात. सगळे फॉस्फेट गेले की उरतं ते अ‍ॅडेनोसिन. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ते साठत जातं आणि झोप येते, हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल. पेशीवर ते ज्या जागांवर बसतं, त्या जागा म्हणजे त्याचे रिसेप्टर, आणि ते चार: ए१, ए२ए, ए२बी आणि ए३. ए१ आणि ए३ पेशीतलं सायक्लिक एएमपी (आत निरोप नेणारा रेणू) कमी करतात, ए२ए आणि ए२बी वाढवतात. ए१ला नॅनोमोलरमधलं, म्हणजे अगदी थोडं अ‍ॅडेनोसिन पुरतं, ए२बी मायक्रोमोलरशिवाय, म्हणजे हजारपट पातळीशिवाय हलत नाही. आपण पितो तेवढ्या चहा-कॉफीतलं कॅफिन मुख्यतः ए१ आणि ए२ए यांच्यावर बसतं आणि काहीही न करता बसून राहतं.

गंमत म्हणजे ए१ आणि ए२ ही नावंच बशीतल्या पेशींमुळे पडली. १९७० मध्ये सॅटिन आणि रॉल यांनी गिनिपिगच्या मेंदूच्या कापांवर अ‍ॅडेनोसिन घालून पाहिलं. सायक्लिक एएमपी वाढलं, आणि कॅफिन-थिओफिलिनच्या कुळातल्या रेणूंनी ती वाढ थोपवली. मग १९७८-७९ मध्ये जर्मनीत फान काल्कर, म्युलर आणि हाम्प्रेश्ट यांनी जन्माच्या आसपासच्या उंदरांच्या मेंदूपेशी बशीत वाढवून तेच केलं, तेव्हा थोड्या अ‍ॅडेनोसिनने सायक्लिक एएमपी घटलं आणि जास्तीने वाढलं. एकाच रिसेप्टरने हे जमणार नाही, म्हणून दोन मानावे लागले. ए२चे ए२ए आणि ए२बी नंतर झाले. चारही जीन हाती लागायला पुढे दहाएक वर्षं गेली.

आता वयाकडे. उंदराच्या गर्भातून काढलेल्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग) पेशी, चिकटाव्यात म्हणून पॉलिलायसिन लावलेल्या काचेवर टाकल्या की पहिल्या दिवशी नुसते गोल ठिपके दिसतात, फेज मायक्रोस्कोपखाली भोवती चमकती कड असलेले. मग चारी बाजूंनी आखूड फाटे फुटतात. त्यातला एक बाकीच्यांना मागे टाकून लांब जातो, तो अ‍ॅक्सॉन. दुसऱ्या आठवड्यात सिनॅप्स, म्हणजे दोन पेशींमधले संदेशाचे सांधे, जुळायला लागतात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत बशीत बऱ्यापैकी प्रौढ जाळं तयार होतं. या सगळ्या काळात मिडियम (पेशींचं पोषक द्रव) कधीही पूर्ण बदलत नाहीत, निम्मंच काढून निम्मं नवीन घालतात.

प्रौढ न्यूरॉनमध्ये (संदेश वाहणाऱ्या मेंदूपेशीत) ए१चं मुख्य काम सिनॅप्सवर चालतं. पाठवणाऱ्या टोकाला तो कॅल्शियमचे चॅनल आवरतो, त्यामुळे ग्लुटामेट (पुढच्या पेशीला उत्तेजित करणारं रसायन) कमी सुटतं. घेणाऱ्या बाजूला पोटॅशियमचे चॅनल उघडून पेशी शांत करतो. चौथ्या दिवशी सिनॅप्सच नाही, मग हे काम होणार कुठे? रिसेप्टर असला तरी त्याचा परिणाम भलत्याच ठिकाणी दिसतो, किंवा दिसतच नाही.

लांबलं जरा. प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

---

वांग्याचं_भरीत | शनिवार, रात्री ९.५२

पहिला! सावकाश वाचतो. बाळाला आशीर्वाद.

---

पांझरापार (धुळे) | शनिवार, रात्री १०.१५

राम राम भो. बठ्ठं वाचं, निम्मं डोकावरतीन गयं. माले एकच सांगा, चहा सोडना पडी का?

---

पेट्रीडिश | शनिवार, रात्री १०.२१

पांझरापार भाऊ, नाही सोडावा लागणार. :) घरात कोणी गरोदर असेल तर मात्र दिवसाचं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. आपल्याकडे चहा उकळून उकळून काळा करतात, तेव्हा कपाचा हिशोब आपापल्या चहावरून धरा.

---

खडूफळा (अमळनेर) | रविवार, सकाळी ७.०५

चांगलं लिहिलं आहेस, बेटा. मी रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे नॅनोमोलर-मायक्रोमोलरचा मुद्दा पटला. पण पुढचं पटलं नाही. जन्मल्यावर रिसेप्टर कमी असतील, वयानुसार वाढत असतील, तर परिणामही त्या प्रमाणात वाढेल. आलेख काढला की सरळ रेषा. मग "भलत्याच ठिकाणी दिसतो" वगैरे गूढ कशाला?

---

पेट्रीडिश | रविवार, सकाळी १०.३०

मास्तर, नमस्कार. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. उंदराच्या मेंदूत जन्माच्या वेळी ए१ कमी असतात आणि पुढचे तीन-चार आठवडे वाढत जातात. किरणोत्सारी लिगँड (रिसेप्टरवर बसणारा रेणू) चिकटवून हे अनेकांनी मोजलं आहे. पण चिकटणं ही एक गोष्ट, संदेश आत जाणं ही दुसरी. मध्ये निदान तीन ठिकाणी घोळ होतो.

रिसेप्टर पटलावर आहे, पण त्याचा संदेश आत नेणारं जी-प्रोटीन त्या वयात किती आहे आणि कोणतं आहे? ते पुरेसं नसेल तर लिगँड छान चिकटेल आणि आत कोणाला पत्ताही लागणार नाही.

त्याच्या पुढे अ‍ॅडेनिलिल सायक्लेज, म्हणजे सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम. त्याचे नऊ प्रकार पटलावर असतात आणि वयानुसार त्यांचं प्रमाण बदलतं. आवर घालणारा तोच असला तरी ज्याला आवरायचं तोच बदललेला असतो.

तिसरा घोळ मला सगळ्यात मोठा वाटतो आणि तो सगळ्यात कमी पाहिला जातो. रिसेप्टरभोवती अ‍ॅडेनोसिन मुळात किती आहे? त्याला फॉस्फेट लावून संपवणारं अ‍ॅडेनोसिन कायनेज नावाचं एन्झाइम आहे. उंदराच्या पिल्लात जन्मताना ते न्यूरॉनमध्ये असतं आणि पहिल्या दोन आठवड्यांत तिथून हलून अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये, म्हणजे न्यूरॉनशेजारच्या ग्लिया नावाच्या आधारपेशींतल्या एका प्रकारात, जातं. म्हणजे प्रौढ मेंदूत अ‍ॅडेनोसिन किती राहू द्यायचं हे बऱ्याच अंशी अ‍ॅस्ट्रोसाइट ठरवतात. आता बशीचा विचार करा. न्यूरॉन शुद्ध हवेत म्हणून आपण एआरएसी हे पेशींचं विभागणं रोखणारं औषध घालून ग्लियाची वाढ थांबवतो. मग एकविसाव्या दिवशीची ती बशी कोणत्या वयाच्या मेंदूसारखी? न्यूरॉन प्रौढ, पण अ‍ॅडेनोसिन उपसणारे शेजारी जवळपास नाहीतच.

सरळ रेषा म्हणूनच येत नाही. ए१ हळूहळू चढतो आणि सिनॅप्स जुळले की त्याचा प्रभाव एकदम ठळक दिसतो. ए२एचं वेगळंच. हिप्पोकॅम्पसमध्ये सिनॅप्स जुळण्याच्या काळात त्याला खास काम असतं. २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या कामात दिसलं की नव्याने तयार झालेले गाबाचे (हेही मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) सिनॅप्स टिकायला ए२एचा संदेश लागतो. त्या ठरावीक काळात तो अडवला की ते सिनॅप्स मोडतात. तो काळ उलटून गेल्यावर अडवलं तर तसं होत नाही.

आणखी एक. ए१चा परिणाम सायक्लिक एएमपीवर मोजायचा तर ते आधी वाढवून ठेवावं लागतं, नाहीतर कमी झालेलं दिसणार कसं? त्यासाठी फोर्सकोलिन घालतात. पण कोवळ्या पेशी आणि प्रौढ पेशी फोर्सकोलिनलाच सारखा प्रतिसाद देत नाहीत. हे न पाहता काढलेले आलेख मी पुष्कळ पाहिलेत. रेषा सुंदर असते, पण ती ए१ची आहे की फोर्सकोलिनची, ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

---

नवापूरची_सीमा | रविवार, दुपारी १.१०

अवांतर: फोर्सकोलिन म्हणजे गरमरच्या मुळातलंच ना? आमच्याकडे सुरतहून पाहुणे आले की गरमरचं लोणचं ठरलेलं.

---

पेट्रीडिश | रविवार, दुपारी १.४०

अगदी तेच, कोलियस. १९७०च्या दशकात मुंबईतल्या हेक्स्टच्या संशोधन केंद्रात याच झाडाच्या मुळांतून ते वेगळं केलं गेलं, आणि १९८१ मध्ये जॉन डेली यांच्या अमेरिकेतल्या गटाने ते थेट अ‍ॅडेनिलिल सायक्लेज चालू करतं हे दाखवलं. कॅफिन अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर अडवतं यावरही याच डेलींनी आयुष्यभर काम केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हे द्रव्य रोज वापरतात आणि ते मुंबईत सापडलं हे आपल्या एमएस्सीच्या पोरांना माहीत नसतं. लोणचं खुशाल खा. त्याच्या कॅप्सूल ऑनलाइन विकतात, त्यांच्या नादी मात्र लागू नका.

---

केळीबाग_रावेर | रविवार, संध्याकाळी ६.४५

ताई, मी शेतकरी माणूस, पण टिश्यू कल्चर म्हटलं की आमचे कान टवकारतात. केळीच्या ग्रँड नैन जातीची रोपं लॅबमधून येतात ती लगेच शेतात लावली तर मरतात. आधी पॉलिहाउसमध्ये, मग शेडनेटमध्ये हार्डनिंग करावं लागतं. बाटलीतल्या पानाला मेणाचा थर नीट नसतो, पाण्याचा ताबा नसतो. रोप तेच, पान तेच, पण बाटलीतलं वय आणि बाहेरचं वय वेगळं. तुमचं पण असंच काही आहे का?

---

पेट्रीडिश | रविवार, रात्री ८.०५

भाऊ, या धाग्यावर यापेक्षा नेमकं कोणी बोललेलं नाही. बाटलीतल्या पानावर रंध्रं असतात, पण ती वेळेवर मिटत नाहीत. कोवळ्या न्यूरॉनवर ए१ असतो, पण त्याच्या मागची यंत्रणा जुळलेली नसते, तसंच ते. अवयव आहे म्हणून काम चालतंच असं नाही.

फरक दोन. तुमचं रोप बाटलीत एकाचे शंभर होतं. न्यूरॉन बशीत विभागत नाही. टाकले तेवढेच राहतात, रोज थोडे कमीच होतात. आणि तुम्ही रोप शेवटी शेतात नेता. आमच्या पेशींना शेत नाही, बशीतच म्हाताऱ्या होतात. त्यामुळे "प्रौढ" हा शब्द आम्ही जपून वापरायला हवा.

---

शंकासुर (नाशिक, मूळ चाळीसगाव) | रविवार, रात्री १०.३०

सगळं छान चाललंय, पण मुख्य प्रश्न कोणी विचारतच नाहीये. तुम्हीच वर लिहिलंय की सिनॅप्स टिकायला ए२ए लागतो आणि कॅफिन ए२ए अडवतं. बाळाचा मेंदू तर ऐन त्याच काळात असतो. मग त्याला कॅफिन देणं सुरक्षित कसं? का मोठी हॉस्पिटलं देतात म्हणून आपणही मान डोलवायची?

---

बालवैद्य (धुळे) | सोमवार, दुपारी २.२०

ओपीडी आटोपून लिहितोय. शंकासुर, प्रश्न रास्त आहे आणि तो डॉक्टरांनीही विचारला होता. म्हणूनच चाचणी झाली.

आधी परिस्थिती समजून घ्या. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं. श्वास वीस सेकंदांहून जास्त थांबतो, ऑक्सिजन खाली येतो, हृदयाचे ठोके मंदावतात. अ‍ॅडेनोसिन श्वास दाबतं आणि कॅफिन तो दाब काढतं. आधी अ‍ॅमिनोफिलिन हे त्याच कुळातलं औषध वापरायचो, पण त्यात योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं. कॅफिन त्या मानाने सोपं. प्रौढात ते पाचेक तासांत निम्मं होतं. या बाळांना त्यालाच शंभरएक तास लागतात, कारण ते मोडणारं यकृतातलं एन्झाइम अजून तयार झालेलं नसतं. म्हणून दिवसातून एकदा दिलं तरी पुरतं.

कॅप नावाची चाचणी, बार्बरा श्मिट यांच्या नेतृत्वाखाली. ५०० ते १२५० ग्रॅम वजनाची २००६ बाळं (आकडा बाळांचा आहे, साल नव्हे, पण पहिला निकाल आला तोही २००६ मध्येच). फुप्फुसाचा दीर्घ आजार कॅफिनच्या गटात ३६ टक्के, कॅफिन न दिलेल्या गटात ४७. पुढच्या वर्षी दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलांचे निकाल आले: मृत्यू किंवा अपंगत्व ४०.२ टक्के विरुद्ध ४६.२. सेरेब्रल पाल्सी ४.४ विरुद्ध ७.३. पाचव्या वर्षी एकत्रित निकालातला फरक लक्षणीय राहिला नाही, तेही सांगायलाच हवं. अकराव्या वर्षी हालचालींच्या अडचणी कॅफिनवाल्यांत कमी दिसल्या. नुकसान कुठेही वाढलेलं दिसलं नाही.

आत्याबाईंना सांगा, चहाची सवय लागत नाही. आणि कोणीही घरी बाळाला चमच्याने कॉफी पाजू नये. हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण अशी बाळं आमच्याकडे आलेली आहेत.

---

शंकासुर | सोमवार, संध्याकाळी ७.१५

धन्यवाद डॉक्टरसाहेब. आकडे मान्य. पण मग पेट्रीडिशताईंची बशी खोटी का?

---

पेट्रीडिश | सोमवार, रात्री ९.२५

बशी खोटी नाही, बशीला विचारलेला प्रश्न वेगळा. याहून जास्त गोंधळात टाकणारं उदाहरण देते.

मेंदूतल्या अ‍ॅक्सॉनभोवती मायलिनचं वेष्टण गुंडाळणाऱ्या पेशी असतात, ऑलिगोडेंड्रोसाइट. २००२ मध्ये बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी बशीत दाखवलं की अ‍ॅक्सॉनमधून संदेश धावला की अ‍ॅडेनोसिन सुटतं, आणि त्याने या पेशींचे पूर्वज विभागणं थांबवून प्रौढ होतात, मायलिन बनवायला लागतात. म्हणजे अ‍ॅडेनोसिन चांगलं. पुढच्याच वर्षी स्कॉट रिव्हकीस यांच्या गटाने उंदरांच्या पिल्लांत दाखवलं की ऑक्सिजन कमी असताना ए१ मुळे मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या होतात, पांढरा (मायलिनवाला) भाग घटतो. ज्यांच्यात ए१ नव्हताच ती पिल्लं बचावली. म्हणजे अ‍ॅडेनोसिन वाईट. आणि २००६ मध्ये, तशाच कमी ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्या पिल्लांना कॅफिन दिल्यावर पांढऱ्या भागाचं नुकसान कमी झालं.

दोन्ही खरं आहे. पहिल्यात अ‍ॅडेनोसिन थोडं, जिथे हवं तिथे, अ‍ॅक्सॉन बोलला तेवढ्यापुरतं. दुसऱ्यात ऑक्सिजन नाही, एटीपी भराभर मोडतंय आणि अ‍ॅडेनोसिन दिवसेंदिवस सगळीकडे भरून राहिलंय. तेव्हा पूर्वज पेशी अवेळी प्रौढ होत असाव्यात, पुरेशा संख्येने वाढण्याआधीच. हा अर्थ मला पटतो, पण तो अर्थ आहे, मोजमाप नव्हे.

श्वास थांबणाऱ्या बाळाचा मेंदू दुसऱ्या प्रकारात मोडतो. तिथे कॅफिन न देणं म्हणजे "काहीच न करणं" नव्हे, ऑक्सिजन पुन्हा पुन्हा खाली जाऊ देणं आहे. निरोगी गरोदर उंदरीला कॅफिन पाजलं तर पिल्लांच्या मेंदूत गाबाचे न्यूरॉन ठरलेल्या जागी उशिरा पोचतात, हेही २०१३ मध्ये दिसलंय, ए२ए अडवल्यामुळेच. पण तिथे अ‍ॅडेनोसिनचा पूर आलेला नव्हता. त्यामुळे गरोदर बाईच्या कपाबद्दलची काळजी आणि पेटीतल्या बाळाचं औषध हे दोन विषय एकत्र करू नका.

---

वांग्याचं_भरीत | सोमवार, रात्री ९.५०

दोनदा वाचलं. "तो अर्थ आहे, मोजमाप नव्हे" हे आमच्या ग्रुपवर बातम्या टाकणाऱ्यांना पाठवतो.

---

शिरपूरची_फार्मासिस्ट | मंगळवार, दुपारी १२.१५

ताई, मी एम.फार्म.ला आहे. प्रोजेक्टसाठी एसएच-एसवाय५वाय पेशी घेतल्यात, रेटिनोइक अ‍ॅसिड घालून त्या प्रौढ करायच्या आणि आधी-नंतर ए१, ए२एचा संदेश पाहायचा असा बेत आहे. प्राण्यांची परवानगी मिळायला वेळ लागतो म्हणून. गाइड म्हणतात सायक्लिक एएमपीचा किट आणा आणि मोजा. कशाकशाची काळजी घेऊ?

---

पेट्रीडिश | मंगळवार, रात्री १०.१०

विषय चांगला आहे. फक्त शीर्षकात "प्रौढ न्यूरॉन" लिहू नकोस. त्या पेशी न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगातून आलेल्या. रेटिनोइक अ‍ॅसिडने विभागणं मंदावतं, फाटे लांबतात, काही जीन बदलतात. त्याला "विभेदन" म्हण आणि पुढे जा. परीक्षक तिथेच धरतात.

तुझं मोजमाप बिघडवणारी खरी गोष्ट मात्र सायक्लिक एएमपीच्या प्रयोगात आहे. सायक्लिक एएमपी मोडू नये म्हणून किटसोबतच्या पद्धतीत बहुतेक वेळा आयबीएमएक्स घालायला सांगतात. आयबीएमएक्स कॅफिनच्याच कुळातलं, मिथाइलझँथिन. ते सायक्लिक एएमपी मोडणारं एन्झाइम, फॉस्फोडायएस्टरेज, अडवतंच, पण अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टरही अडवतं. म्हणजे जे मोजायला बसलीस त्याच्यावरच झाकण घालून बसशील. त्याऐवजी रोलिप्रॅम वापर, तेही हे एन्झाइम अडवतं, पण या कुळातलं नाही.

प्रत्येक दिवशी फोर्सकोलिनचा वेगळा कंट्रोल (तुलनेची बशी) ठेव आणि ए१चा परिणाम त्याच दिवशीच्या फोर्सकोलिनच्या टक्केवारीत मांड. ए१साठी उत्तेजक सीपीए आणि त्यावर अँटागोनिस्ट, म्हणजे अडवणारं, डीपीसीपीएक्स; ए२एसाठी उत्तेजक सीजीएस-२१६८० आणि त्यावर अँटागोनिस्ट झेडएम-२४१३८५. अँटागोनिस्टने परिणाम गेला तरच तो त्या रिसेप्टरचा म्हणायचा. नुसत्या वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन ओळखायची पद्धत) अवलंबून राहू नकोस, या रिसेप्टरांच्या अँटिबॉडी भरवशाच्या नसतात.

मिडियममध्ये पेशींनी स्वतः सोडलेलं अ‍ॅडेनोसिन असतं, आणि दाट वाढलेल्या बशीत जास्त. रेटिनोइक अ‍ॅसिडवाल्या बशीत पेशी कमी असतील, नुसत्यात जास्त. मग फरक विभेदनाचा की गर्दीचा? म्हणून दोन्हींत मोजणीच्या दिवशी पेशींची संख्या सारखी येईल असं आधीच बेतून पेर आणि मोजण्याआधी अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज घाल, ते साचलेलं अ‍ॅडेनोसिन मोडून त्याचं इनोसिन करतं. गर्भवासराच्या सीरममध्ये हे एन्झाइम मुळातच असतं, त्यामुळे सीरम असलेल्या आणि नसलेल्या बश्यांची तुलना करायची नाही. आणि डीअमिनेज घातलं की उत्तेजक म्हणून साधं अ‍ॅडेनोसिन चालणार नाही, ते लगेच मोडेल.

---

शिरपूरची_फार्मासिस्ट | मंगळवार, रात्री १०.३२

बाप रे, आयबीएमएक्सची ऑर्डर कालच गेली! सकाळी रद्द करायला सांगते. डीअमिनेज आमच्या विभागातल्या फ्रिजमध्ये आहे, वासराच्या आतड्यातलं. तेच चालेल ना?

---

पेट्रीडिश | मंगळवार, रात्री १०.४०

चालेल, पण बाटलीवरचं लेबल आधी वाच. ते बऱ्याचदा अमोनियम सल्फेटमधलं सस्पेन्शन असतं. तसंच पेशींवर टाकलंस तर जो परिणाम दिसेल तो अमोनियमचा. आधी डायलिसिस करून घे, नाहीतर ग्लिसरॉलमधलं मागव. आणि तेवढ्याच बफरचा, एन्झाइम नसलेला एक कंट्रोल ठेव.